दुधाळलेलं अंगण

तिला घरीदारी सगळे तडतडी म्हणत. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. तापल्या तेलात मोहरी पडावी आणि उडावी, तशी ती लहानपणापासून उडायची. धाकट्या भावाला दुधाचा मोठा पेला आणि आपल्याला लहान का, यावर उडायची. शेजारच्या मांजराला कोणी दगड मारला तरी उडायची. वडील हसायचे. आई म्हणायची, "सासरी गेली की होईल गार." ती सासरी गेली, पण गार काही झाली नाही. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला होता. दिवसभर आगीसमोर उभं राहायची सवय असल्यामुळे असेल, पण त्याला तिची धग कधी लागली नाही.

वडील अंगणातल्या फरशा आणि पेव्हरचे ठोकळे बसवायचे. दोरी ताणून धरायला कोणीतरी लागायचं आणि धाकटा फार धाकटा होता, म्हणून तडतडीला सोबत न्यायचे. उतार कुठे ठेवायचा, सांध्यात वाळू कशी भरायची, हे ती दोरीचं टोक धरून उभ्या उभ्या शिकली. पुढे वडील गेले, आणि काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की या गावात पेव्हर बसवणारे खंडीभर आहेत, पण बसवलेले पेव्हर सांभाळणारा एकही नाही. हवा तर अशी दमट की धुतलेला रुमाल दोन दोन दिवस ओला राहायचा, डब्यातल्या मिठाला पाणी सुटायचं, कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी यायची. अशा हवेत उघड्यावरच्या दगडांचं काय होणार? एका पावसाळ्यात हिरवे, दुसऱ्यात काळे. मग माणसं घसरायची, आणि घसरलेल्यालाच बोल लावायची.

तिने पाण्याचा जोरदार फवारा मारणारं मशीन घेतलं, मोठाले ब्रश घेतले आणि कामाला लागली. शेवाळ आधी औषधाने मारायचं, मग घासायचं, मग फवारा. तोही बेताने, नाहीतर घाणीबरोबर सांध्यातली वाळू उडून जाते आणि पेव्हर हिरडी सुटलेल्या दातांसारखे हलायला लागतात. नवी वाळू भरायची, दगड आतून सुकू द्यायचे, आणि अगदी शेवटी सीलर. सीलर म्हणजे दगडाला पाजायचं रसायन. त्याने पाणी आणि मळ आत मुरत नाही. पण ते सुकलेल्या दगडालाच पाजायचं, नाहीतर आत कोंडलेल्या ओलीने वरचा थर पांढरा पडतो. वरून कोरडा दिसला म्हणजे दगड सुकला असं नसतं. तडतडी रात्री त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवायची. सकाळी आतून थेंब दिसले की डबा उघडायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो.

धाकटा या कामात उशिरा आला. दुकानात नोकरी केली, ती जमली नाही. गाडीवर चालक झाला, तेही जमलं नाही. शेवटी आई म्हणाली, "घरचं काम असताना पोरगं बाहेर का भटकतंय? घे की त्याला." तिने घेतलं. तो कामाला वाईट नव्हता. अंगात ताकद होती, आणि बोलणं तर लोण्यासारखं. पण एक गोष्ट रोज तिच्या डोक्यात जायची. ती गुडघ्यापर्यंत भिजून, फवाऱ्याची नळी हातात धरून उभी असायची, आणि गिऱ्हाईक तिला ओलांडून, बाजूला कोरड्या कपड्यांत उभ्या असलेल्या धाकट्याला विचारायचं, "काय हो, कधी होईल?" आणि धाकटा सांगायचा, "उद्या."

"उद्या कुठून आलं?" ती मशीन बंद करून विचारायची.

"अगं ताई, बोलायला काय जातं?"

"तुझं काही जात नाही. करायचं मला असतं."

असं सगळं चाललेलं असताना एका इस्पितळाचं काम आलं. इस्पितळ जुनं होतं. मागच्या अंगाला कपडे धुण्याची खोली, तिथून मुख्य इमारतीपर्यंत पेव्हरचं लांबट अंगण. एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला झाड, त्यामुळे ऊन तिथे पाहुण्यासारखं यायचं आणि टेकायच्या आत निघून जायचं. पेव्हरचा मूळ रंग लाल होता म्हणे. तडतडीने खिळ्याने खरवडून पाहिलं तेव्हा कुठे विश्वास बसला.

या अंगणातून दिवसभर ये-जा करणारं माणूस एकच. कपडे धुणाऱ्या मावशी. चादरींचं गाठोडं छातीशी धरून त्या खोलीतून निघायच्या आणि पाय न उचलता, जमिनीवरून सरकवत सरकवत पलीकडे जायच्या. तडतडीने विचारलं, "मावशी, पाय दुखतात का?"

"पाय दुखत नाहीत गं बाई. पाय उचलला की परत कुठे पडेल याचा भरवसा नाही. म्हणून उचलतच नाही."

तडतडीला एवढंच पुरे झालं. म्हणजे हे शेवाळ सगळ्यांना दिसत होतं, आणि उपाय काय, तर मावशींनी बदकासारखं चालायचं! ती भावाला म्हणाली, "हे अंगण असं करू, की ही बाई गाठोडं घेऊन धावत गेली तरी चालेल."

धुण्याचं काम उत्तम झालं. पेव्हर खरोखर लाल निघाले. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं चालते यावरून, पण पहिल्यांदाच भेट झाली." वाळू भरून झाली. आता फक्त सुकायची वाट बघायची होती. आणि नेमकं त्याच दिवशी मशीन हातगाडीवर चढवताना तडतडीच्या कमरेत अशी कळ आली की ती तिथेच वाकली ती वाकलेलीच राहिली. नवऱ्याने बेकरीच्या टेम्पोतून, पिठाच्या पोत्यांवर आडवं घालून तिला घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहा.

धाकटा भेटायला आला तेव्हा ती छताकडे बघत त्याला म्हणाली, "सीलरच्या डब्यांना हात लावायचा नाही. हवा बघतोयस ना? मी उठेन, प्लॅस्टिक लावून बघेन, मग करू."

"तू काळजीच करू नकोस, ताई."

हे वाक्य ऐकूनच खरं तर तिने काळजी करायला हवी होती. पण कंबर दुखत असली की माणसाचं सगळं लक्ष कमरेतच असतं.

ती उठून चालायला लागली त्या सकाळी बारीक पाऊस पडून गेला होता. धाकट्याबरोबर ती इस्पितळात गेली. मागच्या अंगणाच्या तोंडाशी आली आणि थबकली. कोणीतरी दुधाच्या किटल्या ओतून ते दूध तसंच सुकू दिलं असावं, असं अंगण पांढरं पडलं होतं. कुठे दाट सायीसारखं, कुठे ताकासारखं विरळ. वाकायची सोय नव्हती, म्हणून तिने चपलेचं टोक घासून पाहिलं. वर काचेसारखा थर आणि त्यावर पाणी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सीलर मारलंस?"

"साहेबांना घाई होती गं," धाकटा म्हणाला. साहेब म्हणजे इस्पितळाचे व्यवस्थापक. "रोज मागे लागले होते. मी काय करणार? आणि पहिला हात दिल्यावर डाग दिसत होते, म्हणून वर आणखी एक जाड हात दिला."

"ओल्या दगडावर दोन हात?"

तो काही बोलायच्या आत समोरचं दार उघडलं आणि गाठोडं घेऊन मावशी बाहेर आल्या. अंगण आता स्वच्छ झालंय या भरवशावर त्यांनी पाय उचलायला सुरुवात केली होती. अगदी माणसासारख्या, पावलं टाकत चालत येत होत्या.

"मावशी, थांबा!" तडतडी ओरडली.

त्या थांबायला गेल्या आणि त्यातच घसरल्या. गाठोडं एकीकडे, त्या एकीकडे. पडताना उजवा हात खाली टेकला आणि मनगटातून असा आवाज आला, की धाकट्याने डोळे मिटून घेतले.

इस्पितळाचंच अंगण, तेव्हा माणसं लगेच धावली. दोन सिस्टर आल्या, हाताला आधार देऊन मावशींना उठवलं. व्यवस्थापकही आले. वृत्तीने भला माणूस, आवाज चढवायचा नाही, पण घसरलेली बाई समोर असताना त्यांच्या तोंडून निघालं काय, तर, "अहो मावशी, जरा बघून चालायचं ना!"

झालं. मोहरी उडाली.

"बघून?" तडतडी म्हणाली. "त्या काय आंधळ्या आहेत? गाठोड्याच्या वरून त्यांना तुमचा चेहरा तरी दिसतो का? मावशींचं काहीही चुकलेलं नाही. फरशी चुकलेली आहे. आणि ती कोणामुळे चुकली? रोज मागे लागायला काय लग्नाचा मांडव पडणार होता इथे?"

"कोण लागलं मागे?" व्यवस्थापकांनी चष्मा काढला. "मी? अहो, तुमच्या भावालाच विचारा. मी म्हटलं होतं, ताईंना बरं वाटू द्या, आम्हाला काही गडबड नाही. हेच म्हणाले, झालंच म्हणून समजा."

सगळ्यांचे डोळे धाकट्याकडे वळले. सिस्टर बघत होत्या, दाराशी जमलेली चार माणसं बघत होती, आणि मोडलेला हात पोटाशी धरून मावशीही बघत होत्या. धाकट्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "मला ताईनेच सांगितलं होतं. उरकून टाक म्हणाली."

तडतडीला क्षणभर वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, ज्याला धंद्यात हात धरून आणलं, तो हे बोलला. आणि बोलला तोही त्याच लोणकढ्या आवाजात. गिऱ्हाइकाला "उद्या" सांगायचा, त्याच आवाजात.

दुसरी एखादी असती तर तोंड झाकून घरी गेली असती, नाहीतर भावाची अब्रू वाचवायला होय म्हणाली असती. तडतडी दोन्हीपैकी नव्हती.

"खोटं," ती म्हणाली. "साफ खोटं. मी सांगितलं होतं, डब्याला हात लावू नकोस. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर निदान संन्यासी तरी बरा निवड." मग ती व्यवस्थापकांकडे वळली. "तुमच्यावर विनाकारण ओरडले, ते माझं चुकलं. पण मावशींना बोललात ते तुमचं चुकलं. अंगण मी साफ करून देते. तोवर इथून कोणी चालायचं नाही."

संध्याकाळी ती मशीन न्यायला आईकडे गेली. मशीन आईच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत असायचं. खोलीला कुलूप होतं, आणि आई दारातच बसली होती. म्हणजे बातमी आधी पोचली होती, आणि पोचवणाऱ्याने ती आपल्या पद्धतीने शिजवून पोचवली होती.

"चारचौघांत भावाचं तोंड काळं केलंस?" आई म्हणाली.

"त्याने माझं केलं ते?"

"तो घाबरला. घाबरलेलं माणूस बोलतं काहीही. तू मोठी आहेस, सांभाळून घ्यायचं."

"मावशींचा हात मोडलाय, आई. तो कोणी सांभाळून घ्यायचा?"

"त्या इस्पितळात आहेत ना? तिथे हात बांधायचे नाहीत तर कुठे बांधायचे?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ज्याने केली त्याने आईला कुठेतरी पाहिलं असणार, असं तडतडीला वाटलं. ती म्हणाली, "किल्ली दे."

"नाही देणार. हा तुझ्या बापाचा धंदा. बापाचा धंदा मुलाचा."

"बाबा गेले तेव्हा थापी होती, ओळंबा होता आणि एक फुटकी बादली होती. मशीन मी घेतलंय."

"असेल. खोली माझी आहे. कुलूप माझं आहे."

आतल्या खोलीत कोणीतरी खाट करकरवत कूस बदलली. धाकटा आतच होता. सगळं ऐकत होता आणि बाहेर येत नव्हता. तडतडी तिथे आणखी थांबली असती तर तिच्या तोंडून असं काही निघालं असतं की जे परत घेता आलं नसतं. ती निघाली. रस्ताभर तिचे ओठ हलत होते. समोरून येणाऱ्या एका गृहस्थाने बाजूला होऊन तिला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी ती हाताने कामाला लागली. दुखऱ्या कमरेला पट्टा, हातात रबरी मोजे, नाकाला फडकं. सीलर काढायचं द्रव ओतायचं, तो थर मऊ पडला की घासायचा, खरवडायचा, पुसून घ्यायचा, आणि पुढच्या हातभर जागेवर सरकायचं. मशीन असतं तर निम्मा त्रास वाचला असता. हे आठवलं की ती ब्रश असा चालवायची, की पेव्हरलाच आई आणि भाऊ समजते आहे असं वाटावं. भट्टीवरची पाळी संपवून नवरा यायचा, बादल्या भरून द्यायचा. एकदा तो थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ब्रश बाजूला ठेव. तू नुसतं बघितलंस तरी सीलर निघेल." ती हसली नाही. पण पाणी प्यायला थांबली.

काही दिवसांनी मावशी आल्या. हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी. धुण्याच्या खोलीच्या पायरीवर बसल्या.

"तुझ्या भावाने जाड थर दिलाय गं," त्या म्हणाल्या. "मनापासून केलंय काम."

"तुम्ही चिडत कशा नाही, मावशी?"

"चिडले नाही असं कोण म्हणालं? माझ्या जागेवर दुसरी बाई आणतायत. हात बरा होईपर्यंत घरी बसा म्हणाले. मला काय कळत नाही? एकदा दुसरी आली की माझा हात बरा झाल्याचं कोणाला आठवणारही नाही. तू माझ्यासाठी साहेबांशी भांडलीस, ते मी पाहिलं. पण साहेबांशी काय भांडतेस? भावाशी भांड."

"भांडले की."

"मग पोटभर भांडली नाहीस."

तडतडीने ब्रश बादलीत टाकला. मोजेसुद्धा न काढता ती तशीच आईच्या घरी गेली. धाकटा जेवायला बसला होता, आई वाढत होती. ती दारातूनच म्हणाली, "मावशींची नोकरी जातेय. तुझ्या दोन हातांच्या सीलरपायी. तू जेव."

"आली का परत!" आई उठली. "अन्न तरी सुखाने..."

"आई, किल्ली दे," धाकटा म्हणाला.

आईला वाटलं मुलगी बोलली. तिने तिच्याकडेच डोळे वटारले.

"आई, मी मागतोय. किल्ली दे." तो ताटावरून उठला होता.

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून तिने ती ताटाशेजारी आपटली आणि आत निघून गेली.

मशीन ओढत तो इस्पितळापर्यंत आला. मावशी अजून पायरीवरच होत्या. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शब्द सापडेनात. "मावशी, माझं चुकलं. ताईने सांगितलं नव्हतं. मीच... मला माफ करा."

"माफी घेऊन काय करू?" मावशी म्हणाल्या. "तिने चादरी पिळता येतात का? तुझे हात आहेत ना धड? मग ते दे."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून ये. मी इथे बसून सांगीन, तू धू, पीळ, वाळत घाल. काम चाललंय म्हटल्यावर दुसरी बाई कशाला आणतील?"

व्यवस्थापकांनी आधी नाही म्हटलं. बाहेरचा माणूस धुण्याच्या खोलीत कसा घ्यायचा, नियमात बसत नाही. तडतडी म्हणाली, "बाहेरच्या माणसाने बिघडवलेल्या अंगणात तुमचं माणूस पडतं, ते कुठल्या नियमात बसतं?" त्यांनी पुन्हा चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मावशी तिथे हजर असणार असतील तर... बघू या." त्यांचं "बघू या" म्हणजे होकार, हे मावशींनाच ठाऊक होतं.

मग असं सुरू झालं. सकाळी धाकटा धुण्याच्या खोलीत, आणि दुपारी अंगणात बहिणीबरोबर घासायला. खोलीतून मावशींचा आवाज यायचा. "अरे, चादर आहे ती, साप नाही. घाबरतोस काय? कोपरा धर कोपरा!" बाहेर तडतडी ऐकायची आणि तिला बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगा.

अशाच एका दुपारी, गुडघ्यांवर बसून घासता घासता, धाकटा आपणहून बोलला.

"तुला वाटत असेल मी आळसाने केलं. तसं नाही. मला एकदा तरी एखादं काम एकट्याने पुरं करायचं होतं. कुठेही गेलो तरी मी तडतडीचा भाऊ. तू असलीस की माझा निर्णय काही नसतोच. म्हटलं, ताई पडून आहे, ती उठेल तेव्हा अंगण तयार असेल, आणि ती म्हणेल, वा."

त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, हे तडतडीला कळत होतं. आपण त्याला कधी "वा" म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. गिऱ्हाइकं तिला ओलांडून त्याच्याशी बोलायची, याचा राग तिने कितीदा त्याच्यावरच काढला होता. पण एवढ्याने तिचा जीव निवेना.

"काम एकट्याने केलंस ना?" ती म्हणाली. "मग चूकही एकट्याची म्हणायची होतीस. तिथे बरी ताई आठवली."

"घाबरलो गं."

"घाबरायला माझी ना नाही. मीही घाबरते. म्हणून काय दुसऱ्याचा बळी द्यायचा?"

त्याने मान खाली घातली आणि ब्रश चालवत राहिला. त्यानंतर त्या विषयावर दोघांचं बोलणं झालं नाही.

अंगण पूर्ण मोकळं व्हायला बराच काळ गेला. शेवटी कोरडा वारा सुटला, मिठाच्या डब्यातले खडे सुटे झाले, आणि प्लॅस्टिकच्या आत सकाळी एकही थेंब दिसला नाही. तेव्हा तडतडीने डबा उघडला. या वेळी चकाकणारं सीलर नव्हतंच. दगडात झिरपून जाणारं, पातळ, आणि तेही एकच हात. भिंतीलगतची जागा, जिथे ऊन कधीच पोचत नाही, ती तिने तशीच कोरी ठेवली आणि व्यवस्थापकांना सांगितलं, "इथे सीलर टिकायचं नाही. इथे दर पावसाळ्याआधी घासायचं. कोणी विसरलं तर मी येऊन ओरडेन." त्यांनी ते चटकन मान्य केलं, कारण ओरडणं म्हणजे काय ते त्यांनी ऐकलेलं होतं. त्याच सकाळी त्यांनी मावशींना बोलावून घेतलं आणि जरा चाचरत म्हणाले, "त्या दिवशी मी बघून चालायला सांगितलं, ते बोलायला नको होतं." मावशी म्हणाल्या, "बरं." नंतर त्या तडतडीला म्हणाल्या, "साहेब इतकं खाली बघून बोलत होते, मला वाटलं त्यांचंच काही पडलंय."

मावशींची नोकरी राहिली. पण मनगट जुळलं ते थोडं वाकडंच. पिळायला जोर लागत नाही, म्हणून त्यांना घड्या घालायचं आणि इस्त्रीचं काम दिलं. धाकटा तोपर्यंत चादरी पिळण्यात इतका तरबेज झाला होता की मावशींनी त्याला नोकरीला राहायचा आग्रह केला. तो राहिला नाही. तडतडीकडेही परतला नाही. गळक्या गच्च्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाबरोबर त्याने काम धरलं, आणि पुढे स्वतःच करू लागला. जाताना बहिणीला एवढंच म्हणाला, "सुकल्याशिवाय काही लावत नाही आता." ती म्हणाली, "बरं करतोस." एखाद्या कार्याला भेटले की दोघं एकमेकांना पाणी विचारतात, तब्येत विचारतात. त्यापुढे गाडी जात नाही.

मशीन तडतडीने आपल्या घरी आणलं. जागा नव्हती, तर नवऱ्याने स्वयंपाकघराच्या बाहेर पत्र्याचा आडोसा करून दिला. आता गिऱ्हाईक तिला ओलांडून कोणाशी बोलायला बघतं, तर शेजारी कोणी नसतंच. तरी एका सद्गृहस्थाने विचारलंच, "तुमच्याबरोबर कोणी पुरुषमाणूस नाही का, कामाचं बोलायला?" ती म्हणाली, "आहे. घरी झोपलाय. उठवू?"

आई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. मग एक दिवस दुपारची आली. छत्री दारात ठेवली, पदराने गळा पुसला, आणि घोडं कुठे पेंड खातंय ते लगेच कळू दिलं नाही. जावई कसा आहे, कंबर कशी आहे, असं सगळं झालं. चहा झाला. मग म्हणाली, "तुला त्या शाळेच्या पटांगणाचं मोठं काम मिळालंय म्हणे."

"मिळालंय."

"धाकट्याला घे की त्यात. गच्च्यांचं काम काय, बारमाही नसतं."

"नाही."

"अगं, सख्खा भाऊ आहे. किती दिवस धरून बसणार आहेस?"

"मी धरून बसलेली नाही. तो त्याचं काम नीट करतोय, मला आनंद आहे. माझ्या कामात तो नको." मग कप उचलता उचलता ती थांबली. "आणि आई, त्या दिवशी तू मावशींची चौकशी केली नव्हतीस. आजही केली नाहीस. एवढं सगळं विचारलंस, कंबर विचारलीस. पण त्या बाईचा हात कसा आहे, हे एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही."

छत्रीचं पाणी दारात पसरत होतं. मग कोणीतरी ओढून काढावं तसं आई म्हणाली, "कसा आहे?"

"वाकडा आहे," तडतडी म्हणाली. "इस्त्री उचलताना दुखतो."

"तेल लावतात का?"

"मी काय रोज बघायला जाते? तूच जाऊन विचार. मागच्या दाराने गेलीस की समोरच भेटतील."

आई गेली की नाही, हे तडतडीने पुढे विचारलं नाही. तिला शाळेच्या पटांगणावर जायचं होतं. तिथे कोणा शहाण्याने पावसाचं पाणी जायची वाटच सिमेंटने बुजवून टाकली होती, आणि पोरं पडतात म्हणून पोरांनाच शिक्षा चालली होती. ती मशीन ओढत निघाली, तेव्हा तिचे ओठ आधीच हलायला लागले होते.